कागद आधी, लोखंड नंतर : लष्करातून निवृत्त झालेली जुनी गाडी घेताना

मिलिटरी डिस्पोजलची गाडी विकणारा माणूस इंजिनाबद्दल, फ्रंट गिअरबद्दल, लडाखच्या चढणीबद्दल अर्धा तास बोलतो. आरसी बुकाचा विषय निघाला की मात्र "कागद होतील ना साहेब" एवढ्यावर आटपतो. या हौसेत सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात. लोखंडाचा सगळा रोग पैसे टाकून बरा होतो, पण नसलेला कागद पैसे टाकूनही होईलच असं नाही. म्हणून खर्चाचा हिशेबही कागदांपासूनच सुरू करायचा. त्याआधी बाजारात मिळतं काय, हे थोडक्यात पाहू.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीप या छंदातल्या मानकरी. 1941 ते 1945 या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त बनल्या आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे बऱ्याच हिंदुस्थानात आल्या, इथेच राहिल्या. नंतर महिंद्राने 1947 पासून मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. पुढची 'हाय बॉनेट' सीजे-3बी आपल्या सैन्याने, पोलिसांनी, पाटबंधारे खात्याने दशकानुदशकं वापरली. जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा ही मुळात निसान पॅट्रोल या गाडीची परवान्याखाली बनवलेली आवृत्ती. 1969 ते 1999 अशी तीस वर्षं ती निघाली. तिचंच 3,956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन 'वन-टन' निसान ट्रकला होतं. महेंद्रसिंग धोनीने 2019 मध्ये जोंगा घेतली आणि तोवर कोणी विचारत नसलेल्या गाडीला विचारणारे वाढले. सगळ्यांत मोठा शक्तिमान. जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून जबलपुरात बनलेला, 65 आणि 71 ची युद्धं पाहिलेला, 1996 ला बंद झालेला तीन टनी ट्रक.

भावाला ठरलेला तक्ता नाही. अंदाजपत्रकासाठी मी धरतो ते आकडे असे. चालू आरसी असलेली, पण काम मागणारी खरी विलिस किंवा फोर्ड चार लाखांच्या आसपास. नीट पूर्ण केलेली नऊ-दहा लाखांना, नावाजलेल्या हातची असेल तर त्याच्याही वर. सीजे-3बी याच्या निम्म्यात. जोंगा अडीच ते सहा लाख, वन-टन त्याच घरात. बिनकागदाची गाडी कुठलीही असो, तिची किंमत वजनकाट्यावर ठरते. भंगाराचा भाव किलोला 30 ते 35 रुपये धरला तर सुमारे एक टनाची जीप 30-35 हजारांची आणि रिकामा पाचेक टनांचा शक्तिमान दीड-पावणेदोन लाखांचा. कोणी बिनकागदाच्या जीपला दोन लाख सांगितले, तर पस्तीस हजार लोखंडाचे आणि बाकीचे तुमच्या हौसेचे, हे लक्षात ठेवून बोला.

कागद कुठे अडतो

सैन्याची गाडी सैन्यात असताना आरटीओच्या वहीत नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 नुसार संरक्षण खात्याची स्वतःची वेगळी नोंदणी आहे. वर तोंड केलेला बाण, मग सालाचे दोन आकडे, मग वर्गाचं अक्षर असा तो नंबर. गाडी लिलावात निघाली की हा नंबर संपतो आणि नव्या मालकाने आरटीओत पहिल्यांदा नोंद करायची असते. त्यासाठी लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, नमुना 21 मधलं. झेरॉक्स चालत नाही. "लिलावाची पावती आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतील. पावतीवर दहा गाड्यांचा एक लॉट आणि एकूण रक्कम असते, तुमच्या गाडीचा चासी नंबर नसतो. तो नसेल तर त्या कागदाचा उपयोग शून्य.

म्हणून नवख्याने लिलावाच्या वाटेला जाऊच नये, हे माझं मत. एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या संकेतस्थळावर बोली लागते, अनामत भरावी लागते, बोलीवर कर चढतात, ठरल्या मुदतीत आवारातून माल उचलावा लागतो. शिवाय वाहन भंगार धोरण आल्यापासून आयुष्य संपलेली सरकारी वाहनं नोंदणीकृत भंगार केंद्रांकडेच वळवली जातात. गाडी घ्यायची ती जिची मुलकी नोंदणी जुन्या काळीच झाली आहे आणि जी दोन-तीन मालक फिरून आली आहे अशी. तिच्या बाबतीत पहिलं काम एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून बघणं. हस्तलिखित आरसी बुक हातात असतं, पण संगणकात गाडीच नसते, असं जुन्या गाड्यांचं नेहमी होतं. मग मूळ आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते आणि ती विक्रेत्याने, त्याच्या खर्चाने, व्यवहाराआधी करून द्यायची. गाडी पंजाब-राजस्थानची असेल तर तिकडची एनओसी, मग नमुना 29 आणि 30 वर हस्तांतरण, मग महाराष्ट्राचा कर. विसारापलीकडे एक रुपयाही एनओसी हातात आल्याशिवाय देऊ नका.

आता 'व्हिंटेज' नोंदणी. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिची वेगळी सोय झाली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असावी. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, प्रमाणपत्र 10 वर्षांचं, पुढच्या पुनर्नोंदणीला 5,000. नवा नंबर मिळाला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीचा नोंदणी नंबर असेल तर तोही ठेवता येतो. बदल्यात अट अशी की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर. गाडी विकली तर 90 दिवसांत कळवायचं.

यात डिस्पोजलवाल्यांना दोन गोष्टी नडतात. एक म्हणजे चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी या नियमात बसत नाही. आपल्याकडच्या निम्म्याअधिक जीपमध्ये पेट्रोल परवडत नाही म्हणून कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं. 'एव्हरेज वाढवलंय' म्हणून विक्रेता तेच कौतुकाने दाखवतो. दुसरी गोष्ट जोंगाची. नियम पहिल्या नोंदणीपासून वर्षं मोजतो. 1972 ची जोंगा सैन्याने पंधरा वर्षं वापरून 1987 ला विकली असेल, तर मुलकी नोंदणी 1987 ची. शब्दशः वाचलं तर तिची पन्नाशी 2037 ला भरते! तेव्हा 'व्हिंटेजमध्ये करून घ्या' हा सल्ला ऐकण्याआधी आरसीवरची तारीख बघा आणि आरटीओला लेखी विचारा.

व्हिंटेजमध्ये न बसणाऱ्या गाडीला नेहमीचाच मार्ग. दर पाच वर्षांनी पासिंग आणि नोंदणीचं नूतनीकरण. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरणाचं शुल्क वाढलं. हलक्या मोटारीला आता 10,000 रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीला 80,000. महायुद्धातली जीप कुठल्या रकान्यात पडते ते आरसीवरच्या नोंदीवर अवलंबून, म्हणून तीही ओळ वाचून ठेवा. पर्यावरण कर निराळा.

रंगाचं राहिलंच. केंद्रीय नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. ज्या रंगासाठी लोक ही गाडी घेतात नेमका तोच लावता येत नाही, ही गंमत आहे खरी. वाळूचा पिवळट रंग, करडा, फिका खाकी असे पर्याय आहेत. रंग बदलला की आरसीवर नोंद करायची. बाण असलेला लष्करी नंबर, तुकडीच्या खुणा, तारे यांच्या फंदात पडू नका. साठ हजारांचं पेंटिंग पासिंगला अडून पुन्हा करावं लागलेल्या गाड्या कुठल्याही गॅरेजमध्ये बघायला मिळतील.

गाडीखाली झोपून बघायच्या गोष्टी

युद्धातली जीप म्हणून विकली जाणारी बरीच वाहनं नंतरच्या मुलकी जीपवर जुनी जाळी बसवून तयार केलेली असतात. ओळखायला फार शिक्षण लागत नाही. लढाईतल्या जीपच्या जाळीला नऊ खाचा, नंतरच्या मुलकी सीजेला सात. युद्धातल्या जीपचा मागचा पत्रा अखंड आणि स्टेपनी त्यावर. मुलकी जीपला मागे उघडणारं फळकं. हेडलाइटच्या मागचा हाताने फिरवायचा नट सैल केला की खरा दिवा बिजागरीवर उलटा वळून इंजिनावर प्रकाश टाकतो. रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून केलेली ही सोय.

पण जाळी, दिवे, डेटा प्लेट हे सगळं नवं विकत मिळतं. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरच्या डबवालीत अख्खी बॉडी बनवून मिळते. तेव्हा खाली वाका आणि चासी बघा. रेडिएटरखालची पुढची आडवी पट्टी गोल पाइपाची असेल तर विलिस, चौकोनी नळीसारखी असेल तर फोर्ड. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यावरही 'एफ' उमटवला आहे. फोर्डचा नंबर डाव्या चासी रेलच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो. तिथे कागद धरून शिसपेन्सिल घासली की आकडे उठतात. आरटीओचा माणूसही हेच करतो. आकड्यांच्या आजूबाजूचं लोखंड घासून सपाट केलेलं किंवा वेल्डिंगने भरलेलं दिसलं, तर व्यवहार तिथेच थांबवा. विलिसचा नंबर मात्र बंपरच्या मागे आतल्या बाजूला रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असायचा. पट्टी हरवलेली असते, मग कोणीतरी चासीवर हाताने पंच मारतं. आरसीवरचा नंबर, चासीवरचा नंबर आणि पंचाची धाटणी तिन्ही जुळवून बघा.

मग पत्रा. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आणि ती बसायला फरशीत खोलगट खाच, तिथे पाणी साचतं. फरशीखालच्या टोपीसारख्या आडव्या पट्ट्यांमध्ये मूळ गाडीला लाकडाचे ठोकळे भरलेले होते. ते लाकूड ऐंशी वर्षं ओल धरून बसलंय आणि पट्टी आतून खातंय. वरून रंग चकचकीत असला तरी खालून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा, भदभद आला तर पुट्टी. कोकणात उभी राहिलेली गाडी असेल तर ठोकण्याचीही गरज पडत नाही, हाताने सोलते.

इंजिनाची काळजी त्या मानाने कमी करा. विलिसचं 2,199 सीसीचं 'गो डेव्हिल' इंजिन आणि महिंद्राने पुढे वापरलेलं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातली. क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन या खालच्या भागात बरंच साम्य. त्यामुळे सुटे भाग मिळतात. मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, दिल्लीत मायापुरी असं फिरलं तर काही अडत नाही. जोंगाचं इंजिन वन-टनशी सारखं असल्याने तिचंही निभतं; तिच्या काचा, दाराची कुलपं, डॅशबोर्ड अशा किरकोळ गोष्टींनी जास्त जीव खाल्ला जातो.

एका जीपचा पूर्ण हिशेब

चार लाखांची, कागद असलेली, चालणारी पण थकलेली युद्धातली जीप उत्तरेकडून आणली असं धरू. ट्रेलरवरून आणायला 40 हजार. एनओसी, हस्तांतरण, व्हिंटेज नोंदणी मिळून 30 हजार. इंजिन खोलून बोअर, क्रँक ग्राइंडिंग, रिंग-पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच यांना सव्वा लाख. गिअरबॉक्स, फोर बाय फोरचा ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सल 80 हजार. ब्रेक 25. बॉडीला एक लाख वीस. डेंटिंगनंतरचं पेंटिंग 60. वायरिंग 20. पाच टायर 25. कॅनव्हासचं हूड आणि सीट 35. मीटर, दिवे, आरसे, साइडला लटकवायचं फावडं-कुऱ्हाड अशी बाकीची खरेदी 50. बेरीज 10 लाख 10 हजार. यातलं दुरुस्तीचं काम 5 लाख 40 हजारांचं. जुन्या गाडीत एक नट सोडवला की शेजारचे दोन तुटतात, म्हणून त्यावर चौथाई राखून ठेवायची, म्हणजे 1 लाख 35 हजार. एकूण साडेअकरा लाखांच्या जवळ.

आणि तीच गाडी पूर्ण झालेली नऊ-दहा लाखांना मिळते, असं वर म्हटलं. याचा अर्थ सरळ आहे. ज्या हौशी माणसाने दोन-तीन वर्षं गॅरेजचे उंबरे झिजवून गाडी पूर्ण केली आणि आता मुलांची शिक्षणं किंवा सोसायटीतली जागा यामुळे ती काढायची आहे, त्याच्याकडून घ्या. त्याने स्वतःचे दोन लाख तुमच्यासाठी आधीच सोडलेले असतात. मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या क्लबांच्या रॅलीत अशी माणसं भेटतात. बिलांची फाइल मागा. ज्याने खरंच खर्च केला तो ती अभिमानाने काढून दाखवतो. स्वतः पूर्ण करण्यातच आनंद असेल तर जरूर करा, फक्त स्वस्तात पडेल म्हणून करू नका.

मिस्त्रीशी व्यवहार करताना ठोक रक्कम ठरवू नका. "सगळं मिळून साडेचारमध्ये देतो" म्हणणाऱ्याकडे गाडी पत्रा उघडा पडलेल्या अवस्थेत महिनोन्महिने उभी राहते. इंजिन, खालचं काम, बॉडी, रंग असे टप्पे पाडा, प्रत्येकाची रक्कम आणि मुदत लिहून घ्या, एक टप्पा संपून गाडी हलवून बघितल्याशिवाय पुढचे पैसे देऊ नका. उघडलेला प्रत्येक भाग मोबाइलवर फोटोत घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. फोर्डचा 'एफ' असलेला बोल्ट तुमच्यासाठी गंजका असला तरी दुसऱ्याला हवा असतो.

घरी आल्यावर

विमा थर्ड पार्टी तरी हवाच. 1,500 सीसीच्या वरच्या खासगी मोटारीचा 2022 पासूनचा दर वर्षाला 7,897 रुपये, अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,300 च्या आसपास. जीप आणि जोंगा दोन्ही याच गटात. मात्र व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला या हप्त्यात 50 टक्के सवलत आहे. ती मागितल्याशिवाय एजंट देत नाही.

पेट्रोल लिटरला 104 रुपये धरा. मुंबई-पुणे 150 किलोमीटरला साडेसात-आठच्या एव्हरेजची जीप वीसेक लिटर पिते, दोन हजार रुपये. जोंगा चारचं एव्हरेज देते. तिला साडेसदतीस लिटर, म्हणजे 3,900. महिन्याला एक रविवार फिरणाऱ्याला हे झेपतं. त्याहून तापदायक गोष्ट आता पंपावर मिळणारं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुने रबरी पाइप, फ्यूल पंपाचा पडदा, बुचाचे गास्केट यांना ते सोसत नाही आणि गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत पाणी धरतं. पाइप आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे एकदा बदलून घ्या, सहा-सात हजारांत होतं. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी ठेवा.

जीपचा टायर 6.00-16 मापाचा. हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं, म्हणून गावातला दुकानदार स्वस्तात तोच चढवून देईल. तो रस्त्यावर वेगात चालवायचा टायर नाही, ओल्यात वळणावरही गाडी सरळच घसरत जाते. आणि युद्धातल्या अनेक जीपची 'कॉम्बॅट रिम' दोन अर्धुकं बोल्टने जोडलेली असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय तिचे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडतो. पंक्चरवाल्या पोराला हे माहीत नसतं. चाक त्याच्या हातात देण्याआधी व्हॉल्व्हची पिन स्वतः काढा.

जीप 3.36 मीटर लांब, 1.57 रुंद, सोसायटीच्या खुणेत आरामात बसते. शक्तिमानचं तसं नाही. तो घ्यायचा विचार असेल तर शेत किंवा रिसॉर्टची जागा हवी, 24 व्होल्टचं वायरिंग समजणारा मिस्त्री हवा, आणि भरल्या वजनाने तो साडेसात टनांच्या वर जात असल्याने जड वाहनाचा परवाना हवा. खासगी चारचाकीसाठी केलेल्या व्हिंटेज नियमात मालवाहू ट्रक बसवून घेणं हे वेगळंच दुखणं. फार्महाउसच्या फाटकात नुसता उभा करायचा असेल, तर भंगाराच्या भावाने घेऊन ट्रेलरवरून आणावा, नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रीची पावती जपून ठेवावी आणि रस्त्यावर काढू नये. ट्रेलरवाल्याला वजन आणि उंची आधी सांगा. वाटेतल्या रेल्वे पुलाखाली अडलेल्या ट्रकचं भाडं दुप्पट होतं.